न उजळलेले तीन

तोयामाच्या खाडीत मार्च लागला की माकूळ किनाऱ्याशी येतात,
बोटाएवढे, निळे पेटणारे.
बाबा पहाटे तीनला जाळं ओढायला जायचे
आणि उजाडल्यावर दारातूनच सांगायचे,
आज समुद्र पेटला होता.
आई म्हणायची, बूट बाहेर काढा आधी.

मी रसायनं शिकले.
एक रेणू घडवला: दिवाच तो, पण तोंडावर झाकण बसवलेला.
झाकणाचा टाका उसवायला एकच कात्री चालते.
निरोगी पेशीकडे ती असते, जेमतेम.
गाठीच्या पेशीला मात्र वाढायची इतकी घाई
की तिच्या अंगणात कात्र्यांचा खच.
तिथे पोचला की रेणू बोलतो. इतरत्र गप्प.

असं आता म्हणते.
पहिले एकशे सतरा गप्प बसतच नव्हते,
कुणी न विचारता बोलणाऱ्या पाहुण्यासारखे
काचेला, पाण्याला, माझ्या हातमोज्यालाही उजळायचे.

वर्तमानपत्रातला तरुण आला, म्हणाला,
वडिलांच्या माकुळांवरूनच सुचलं ना हे?
नाही.
माकूळ स्वतःच्या अंगातलं जाळतो.
माझ्या रेणूचा सगळा कारभार उसनवारीचा:
आपण निळा उजेड द्यायचा,
त्यातलं थोडं तो ठेवून घेतो
आणि उरलेलं हिरवं करून परत देतो.
त्याने वहीत लिहिलं, 'माकुळांवरून सुचलं.'

शस्त्रक्रियेच्या खोलीत मला कोपऱ्यात उभं करतात.
डॉक्टर इसुरुगी काढलेला तुकडा ट्रेमध्ये ठेवतात,
फवारा, मग दिवे बंद.
नर्स ओगामी सेकंद मोजते, तेही कुजबुजत,
जणू मोठ्याने मोजलं तर ते लपून बसेल.
चाळीस. पन्नास.
आणि जिथे डोळ्याला काहीच नव्हतं
त्या कडेला एक हिरवा ठिपका,
मग शेजारी दुसरा, मोहरीएवढा.
'अजून दोन मिलिमीटर,' डॉक्टर म्हणतात
आणि पुन्हा टेबलाकडे वळतात.
मी तेवढ्या वेळात श्वास घेते.

दहा रुग्ण झाले. सात उजळले.
सूक्ष्मदर्शकाखाली दहाही जणांत कर्करोग होता.

तिघांची नावं मला माहीत नाहीत, नियमच आहे.
पण आठव्या नंबरच्या बाईंनी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी,
नांतोहून आणलेले सुकवलेले पर्सिमन
डॉक्टरांच्या हाती दिले होते:
त्या दिवावाल्या बाईंना द्या.
दोरीला बांधलेले सहा, अंगावर साखरेची पांढरी पूड चढलेली.
त्यांचा तुकडा मिनिटभर अंधारात राहिला.
दोन मिनिटं.
ओगामी मोजायची थांबली, मी मनात मोजत राहिले.
मग दिवे लागले आणि डॉक्टरांनी
जुन्याच पद्धतीने, बोटाने आणि डोळ्याने, कड ठरवली.

डिसेंबरात घरी गेले.
बोट विकून चार वर्षं झाली, बाबांचे हात आता चहा सांडतात.
त्यांना सांगितलं, सात.
ते कोतात्सूखाली पाय सरकवत म्हणाले,
जाळ्यातला प्रत्येक माकूळ पेटतो असं कोण म्हणालं तुला?
दमलेले पेटत नाहीत. मेलेले पेटत नाहीत.
काही उगाच पेटत नाहीत.
मग तुम्ही काय करायचात?
हात घालायचो, ते म्हणाले. दुसरं काय.
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

परत आल्यावर वही काढली.
आठव्या नंबरासमोर मी 'नाही' लिहिलं होतं.
ते खोडून लिहिलं, 'दिसलं नाही.'
त्यांच्या गाठीकडे ती कात्री नसेल,
किंवा वेगळीच असेल, माझ्या झाकणाला न लागणारी.
बाहेर बर्फ साफ करणारी गाडी फिरत होती,
तिचा पिवळा दिवा छतावरून जात होता, येत होता.
एक पर्सिमन उरला होता.
खाल्ला. फार गोड होता.
पान उलटून तारीख टाकली:
एकशे एकोणीस.